राखीव विजेचा प्रवास : तारघरापासून सेल्युलर राउटरपर्यंत

संपर्काच्या यंत्राला वीज लागते, आणि ती वीज कोणाच्या दारात साठवून ठेवायची हा प्रश्न तारयंत्राइतकाच जुना आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, रोहित्राच्या खांबावरील पेटीत, एटीएमच्या खोलीत किंवा रस्त्याकडेच्या वीजवितरणाच्या रिंग मेन युनिटमध्ये बसवलेला, मोबाइल जाळ्यावरून माहिती पाठवणारा सेल्युलर राउटर हे या प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे रूप. या राउटरशेजारी ठेवलेली छोटी बॅटरी पाहून ती नव्या तंत्राची जोड वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात बॅटरी आधी संपर्काच्या प्रत्येक टोकाला होती, मग ती मध्यवर्ती केंद्रात गेली आणि आता पुन्हा टोकाला येऊन बसली आहे.

तारयंत्र आले तेव्हा वीज पुरवणारी कंपनी कुठेच नव्हती. बॅटरी हाच विजेचा एकमेव स्रोत होता. १८३६ मध्ये जॉन डॅनियल यांनी तांबे आणि जस्त यांचा जो सेल बनवला, त्याचा दाब सुमारे १.१ व्होल्ट होता आणि तो बराच वेळ टिकून राहत असे. लांबच्या तारेला नेमकी अशीच संथ, न डगमगणारी वीज हवी होती. भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये देशातील तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तोपर्यंत मुंबईही आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली गेली होती.

पुढे भारताच्या तार खात्यात मिनोट्टो सेल रूढ झाला. हा डॅनियल सेलचाच एक प्रकार. बरणीच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर ओलसर वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर आणि सर्वांत वर जस्ताची जाड चकती, अशी त्याची मांडणी असे. वाळूमुळे मोरचुदाचे पाणी वर जस्तापर्यंत लवकर पोचत नसे, त्यामुळे सेल महिनोन्‌महिने चाले. प्रत्येक तारघरात अशा बरण्यांची रांग असे. पाणी आटले की घालणे, खडे संपत आले की भरणे आणि जस्त झिजले की बदलणे ही तिथली नित्याची कामे होती. तारघराला बाहेरच्या कोणत्याही विजेची गरज नव्हती. आज दुर्गम ठिकाणी उपकरण बसवताना अभियंते ज्या स्वयंपूर्णतेसाठी धडपडतात, ती तारघराला जन्मापासूनच होती.

टेलिफोनने हीच रीत घराघरात नेली. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा सेल काढला होता. थोडा वेळ वीज देऊन पुन्हा विसावणारा हा सेल बोलण्यापुरत्या कामाला योग्य ठरला. ग्राहकाच्या भिंतीवरील फोनच्या पेटीत हे सेल असत आणि केंद्राला हाक देण्यासाठी शेजारच्या दांड्याने मॅग्नेटो हे छोटे जनित्र फिरवावे लागे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील टेलिफोन केंद्रे जानेवारी १८८२ मध्ये उघडली ती याच पद्धतीची. तिची अडचण लवकरच जाणवू लागली. ग्राहक वाढले तसे सेलही वाढले, आणि ते सगळे वेगवेगळ्या घरांत विखुरलेले. प्रत्येक घरी माणूस पाठवून नवसागराचे पाणी तपासणे हा टेलिफोन कंपन्यांचा फार मोठा खर्च होऊन बसला.

यावर अमेरिकेत बेल कंपनीचे अभियंते हॅमंड हेज यांनी तोडगा काढला. ग्राहकाकडील सेल काढून टाकायचे आणि केंद्रात एकच मोठी बॅटरी ठेवून बोलण्याची वीज त्याच दोन तारांवरून सर्वांना द्यायची. मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे १८९३ मध्ये असे केंद्र सुरू झाले. दांडा फिरवणे संपले. रिसीव्हर उचलला की तारांचे मंडळ पूर्ण होई आणि केंद्रातला दिवा लागे. एका निर्णयाने हजारो विखुरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी एका खोलीत आली. टेलिफोनच्या विश्वासार्हतेचा पाया इथे घातला गेला, आणि त्याचे श्रेय सहसा कोणी बॅटरीला देत नाही.

ही खोली शक्य झाली ती शिसे-आम्ल बॅटरीमुळे. गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ मध्ये ती शोधली आणि १८८१ च्या सुमारास कामिय फोर यांनी शिशाच्या जाळीवर लेप भरून तिची क्षमता वाढवली. ती पुन्हा पुन्हा भारित करता येत असे. प्रत्येक सेलचा दाब साधारण २ व्होल्ट, म्हणून हाताने जोडणी करणाऱ्या केंद्रांत ११ किंवा १२ सेल, आणि पुढे स्वयंचलित केंद्रांत २४ सेल मिळून ४८ व्होल्ट. हा आकडा सोयीचा होता. काही किलोमीटर दूरच्या ग्राहकापर्यंत पुरेसा प्रवाह पोचत असे आणि तरीही तारेला हात लागला तर जिवाला सहसा धोका नसे. बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडले जाई आणि तारा ऋण राहत. याला कारण गंज. ओल्या जमिनीतून जाणारी तांब्याची तार धन असेल तर तिचा धातू झिरपणाऱ्या प्रवाहाबरोबर विरघळत जातो. ऋण असेल तर ती वाचते. आजही टेलिकॉमच्या कपाटांवर सहसा उणे ४८ व्होल्ट लिहिलेले असते, त्याचा उगम या भूमिगत केबलींच्या काळजीत आहे.

टेलिफोन केंद्राची बॅटरी रूम ही वेगळी दुनिया होती. आम्लाने न खाल्ल्या जाणाऱ्या फरशा, लाकडी घोड्यांवर मांडलेल्या काचेच्या किंवा शिशाचे अस्तर लावलेल्या टाक्या, मनगटाएवढ्या जाड तांब्याच्या पट्ट्या आणि हवेत आम्लाचा उग्र वास. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून विडी-काडीला सक्त मनाई आणि हवा खेळती ठेवणारे पंखे. बॅटरीवाला ठरावीक सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघे, साधारण १.२०० ते १.२१५ च्या मधले आकडे वहीत उतरवून ठेवी आणि पातळी उतरली की डिस्टिल्ड वॉटर घाली. या वह्यांमधून एखादा सेल आजारी पडत असल्याचे आठवडेच्या आठवडे आधी कळत असे.

चार्जर, बॅटरी आणि टेलिफोनची यंत्रे हे तिघेही या व्यवस्थेत कायम एकाच तारेवर असत, आणि तिचे खरे सामर्थ्य त्यातच होते. चार्जर प्रत्येक सेलला सव्वादोन व्होल्टच्या आसपास ठेवी, म्हणजे २४ सेलना सुमारे ५४ व्होल्ट. बाहेरची वीज गेली तर बॅटरीकडे वळण्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नसे, कारण बॅटरी आधीपासून जोडलेलीच होती. पुरवठा बदलण्याचा क्षणच नव्हता, म्हणून त्या क्षणी बिघडण्याजोगेही काही नव्हते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग अंधारात बुडाला तेव्हा न्यू यॉर्कचे फोन चालूच राहिले. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या काळात घरातले दिवे, पंखे, दूरदर्शन संच सगळे बंद असताना कोपऱ्यातला काळा फोन मात्र खणखणत असे, तोही याच कारणाने. त्या फोनला लागणारी वीज गावाच्या रोहित्रावरून येतच नव्हती.

अर्थात बॅटरी असणे आणि बॅटरीवर लक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७ सप्टेंबर १९९१ रोजी न्यू यॉर्कच्या थॉमस स्ट्रीटवरील एटी अँड टीच्या मोठ्या केंद्रात हे दिसून आले. शहराच्या वीज कंपनीवरील भार कमी करण्यासाठी केंद्र स्वतःच्या जनित्रावर नेण्याचे ठरले होते. त्या प्रयत्नात बॅटऱ्या भारित करणारे रेक्टिफायर बंद पडले. बॅटऱ्यांनी आपले काम चोख केले. सुमारे ६ तास केंद्र चालवले. पण त्या काळात धोक्याच्या सूचनांकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. ज्यांनी फेरी मारून त्या बघायच्या, ते कर्मचारी नव्या सूचना-यंत्रणेच्या प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी उशिरा बॅटऱ्या संपल्या, लाखो कॉल अडले आणि विमानवाहतूक नियंत्रणाच्या वाहिन्या तुटल्याने केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क या तिन्ही विमानतळांची वाहतूक कोलमडली. राखीव विजेच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे, कारण तिच्यात अपुरी पडली ती बॅटरीची क्षमता नव्हती. बॅटरी संपत चालली आहे ही बातमी माणसापर्यंत पोचली नाही. त्यानंतर बॅटरीची देखरेख हा विषय बॅटरीइतकाच गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

दरम्यान बॅटरीही बदलत होती. शिशाच्या जाळ्या वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जातात, हे ध्यानात घेऊन बेल प्रयोगशाळांनी १९७० च्या सुमारास शंकूच्या आकाराच्या गोल पट्ट्यांचा, दीर्घायुषी सेल तयार केला. पण त्याच दशकात दुसऱ्याच प्रकारच्या बॅटरीने जोर धरला. जर्मनीत सोनेनशाइन कंपनीने १९५० च्या दशकातच आम्लाची जेली करून ते न सांडणारे केले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत गेट्स कंपनीने काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून धरणारी रचना आणली. या झडपबंद बॅटरीला पाणी घालायचे नसते, ती आडवी ठेवली तरी चालते आणि वेगळी बॅटरी रूम लागत नाही. यंत्रांच्या कपाटातच ती मावते. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे केंद्र बनवले, ते वातानुकूलनाशिवाय, साध्या खोलीत चालावे म्हणून. खेड्यांत पसरलेल्या अशा लहान केंद्रांना ही न सांडणारी बॅटरी सोयीची होती.

या सोयीची किंमत होती. उघड्या टाकीत हायड्रोमीटर बुडवता येत होता; बंद डब्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. शिवाय या बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितले जाते आणि त्यापुढे दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीचे आतले तापमान त्याहून कितीतरी वर जाते. दहा वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी अशा पेटीत दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि ते कळते वीज गेल्यावरच.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला, आणि शंभर वर्षांपूर्वी मध्यभागी गेलेली बॅटरी पुन्हा बाहेर निघाली. मोबाइलच्या जाळ्यात दोन्ही टोके आपापल्या विजेवर चालतात. खिशातल्या हँडसेटमध्ये एक बॅटरी आणि टॉवरच्या पायथ्याशी ४८ व्होल्टची दुसरी. तांब्याच्या तारेतून वीज पाठवता येत होती, रेडिओलहरीतून ती पाठवता येत नाही. त्यामुळे देशभर लाखो ठिकाणी बॅटरीसंच आणि डिझेल जनित्रे उभी राहिली. ग्रामीण टॉवरना दिवसातले कित्येक तास वीज मिळत नसे, आणि रोज खोलवर रिकामी होण्यासाठी न बनलेल्या बॅटऱ्या भराभर निकामी होत. डिझेलचा खर्च आणि धूर इतका वाढला की दूरसंचार नियामक ट्रायच्या २०११ मधील शिफारशींनंतर दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये ठरावीक टक्के टॉवर मिश्र, म्हणजे ग्रिडबरोबर सौर वा तत्सम ऊर्जेवर आणण्याची उद्दिष्टे घालून दिली.

टॉवरची बॅटरी किती तास पुरावी, यावर जगभर वाद झाले. कट्रिना वादळानंतर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००७ मध्ये टॉवरसाठी ८ तास आणि मध्यवर्ती केंद्रांसाठी २४ तासांचा नियम केला. कंपन्यांच्या विरोधामुळे तो अमलात आलाच नाही. कॅलिफोर्नियाने वणव्यांच्या अनुभवानंतर २०२० मध्ये वणव्याचा धोका मोठा असलेल्या भागांसाठी ७२ तासांची अट घातली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उपनगरांतला पुरवठा बंद करावा लागला आणि लाखो मोबाइल व लँडलाइन फोन मुके झाले. घरी पोचलो की नाही एवढे कळवणेही हजारो लोकांना शक्य झाले नाही. राखीव विजेचे तास हा कागदावरचा तपशील वाटतो. त्या रात्री तो माणसांच्या काळजीचा विषय झाला होता.

औद्योगिक राउटर या जाळ्यात आला तो यंत्रांना यंत्रांशी बोलता यावे म्हणून. सुरुवातीला मीटर आणि पंप यांना साधे जीएसएम मोडेम जोडले जात आणि ते एसएमएसवर आकडे पाठवत. जीपीआरएस आल्यावर सतत जोडणी शक्य झाली. भारतात २००८ नंतर केंद्र सरकारच्या आर-एपीडीआरपी या वीजवितरण सुधारणा कार्यक्रमाखाली वीज कंपन्यांनी फीडर आणि रोहित्रांच्या मीटरना मोठ्या प्रमाणावर मोडेम लावले. ३जी-४जीबरोबर मोडेमची जागा राउटरने घेतली, कारण एकाच ठिकाणी मीटर, पीएलसी (यंत्रांचा नियंत्रक) आणि कॅमेरा जोडायचे होते. डीआयएन पट्टीवर बसणारा, ९ ते ३० व्होल्टच्या आसपासचा कोणताही डीसी पुरवठा घेणारा, धातूच्या पेटीतला हा राउटर काही वॉटमध्येच चालतो. मात्र त्याची सर्वांत जास्त गरज असते ती पुरवठा गेल्यावर. फीडर बंद पडला हे सांगायचे काम ज्याच्यावर, त्याला वीज त्याच फीडरवरून मिळत असेल तर तो नेमका त्या वेळी गप्प होतो.

सुरुवातीच्या मोडेममध्ये आणखी एक अडचण होती. जीएसएम यंत्र सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांच्या चक्रात ते जेमतेम ०.५८ मिलिसेकंद बोलते, पण त्या क्षणी २ वॉटपर्यंत शक्ती फेकते आणि सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते. बॅटरी म्हातारी असली किंवा वायर बारीक आणि लांब असली, तर त्या क्षणी दाब कोसळतो आणि मोडेम रीसेट होतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, तरी मोडेम टॉवरला जोडता जोडता पुन्हा पुन्हा बंद पडतो. या कोड्याने क्षेत्रात काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा बराच वेळ खाल्ला. ४जीमध्ये प्रक्षेपणाची कमाल शक्ती ०.२ वॉटवर आली आणि हा त्रास बराच कमी झाला.

राउटरसाठी राखीव विजेचे दोन वेगळे हेतू असतात. पहिला, अर्ध्या-एक सेकंदाचा झटका पचवणे. वीज क्षणभर जरी गेली तरी राउटरला पुन्हा सुरू होऊन टॉवरकडे नोंद करायला मिनिटभर किंवा अधिक लागते. यासाठी सुपरकपॅसिटर उपयोगी पडतो. एनईसीने १९७८ मध्ये तो संगणकाची स्मृती जपण्यासाठी बाजारात आणला होता. लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी तो फारसा झिजत नाही आणि उन्हाळ्यातही बॅटरीपेक्षा जास्त तग धरतो. पुरवठा गेल्यावर काही सेकंद जिवंत राहून वीज गेल्याचा शेवटचा संदेश पाठवायला एवढी ऊर्जा पुरते. अनेक मोडेममध्ये केवळ याच कामासाठी तो बसवलेला असतो.

दुसरा हेतू तासन्‌तास चालण्याचा, आणि तिथे बॅटरीला पर्याय नाही. यूपीएसमध्ये सर्रास दिसणारी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर तिच्यात ८४ वॉट-अवर ऊर्जा असते. ५ वॉटचा राउटर कागदावर त्यावर १६ तासांहून अधिक चालावा. रूपांतरातली घट, पूर्ण रिकामी न करण्याची मर्यादा आणि वय धरले तर १० तासांचाच भरवसा धरणे शहाणपणाचे. पुष्कळ ठिकाणी घरगुती यूपीएस लावून त्याच्या २३० व्होल्टवर राउटरचा अडॅप्टर जोडलेला आढळतो. तिथे १२ व्होल्टचे २३० आणि २३० चे पुन्हा १२ होतात. त्या यूपीएसचा इन्व्हर्टर रिकामा चालतानाही राउटरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो आणि बॅटरीचे तास निम्म्याहून खाली येतात. थेट डीसीवर चालणारा छोटा यूपीएस इथे केव्हाही सरस. चार्जर, बॅटरी आणि भार एकाच तारेवर, ही जुन्या टेलिफोन केंद्राचीच रचना त्यात लहान रूपात येते. त्यात दाब ठरावीक पातळीखाली गेला की भार तोडणारा कटऑफ मात्र हवाच. तो नसेल तर राउटर बॅटरीचा शेवटचा थेंबही ओढतो, पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात आणि पुढच्या वेळी ती बॅटरी तासभरही टिकत नाही.

उपकेंद्रांमध्ये हा प्रश्न कमी भेडसावतो, कारण तिथे संरक्षणाच्या रिलेंसाठी डीसी बॅटरी असतेच आणि मोठ्या उपकेंद्रांत संदेशवहनासाठी ४८ व्होल्टची वेगळी. राउटर त्यावर जोडता येतो. एकाकी पंपघर, कालव्याचे दार, पर्जन्यमापक अशा ठिकाणी मात्र सगळे स्वतःच आणावे लागते.

तिथे आता लिथियम पोहोचले आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. औद्योगिक वापराला अधिक मानवली ती लोह-फॉस्फेटची जात. तिच्यावरचा मूळ शोधनिबंध अक्षय पाढी, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठातून १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. या सेलचा दाब ३.२ व्होल्ट, म्हणून चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि शिशाच्या बॅटरीच्या जागी बसतात. रोज रिकामी होऊनही ती हजारो चक्रे टिकते आणि उष्णता शिशापेक्षा बरी सोसते. शून्य अंशाखाली तिला भारित करणे मात्र घातक, त्यामुळे लडाखसारख्या ठिकाणी तापवण्याची सोय करावी लागते. तिच्यासोबत येणारे नियंत्रक मंडळ प्रत्येक सेलचा दाब, तापमान आणि प्रवाह मोजते आणि हे आकडे राउटरमार्फत कार्यालयात पाठवता येतात. बॅटरीवाल्याच्या वहीतली नोंद आता दर काही मिनिटांनी आपोआप होते. ती वाचणारा माणूस असावा लागतो, हे मात्र थॉमस स्ट्रीटप्रमाणे आजही खरे आहे.

एवढे सगळे केले तरी राउटरच्या बॅटरीची एक मर्यादा तिच्या हातात नाही. राउटर जिवंत राहिला आणि टॉवर झोपला, तर संदेश जाणार कुठे? म्हणून दोन कंपन्यांची दोन सिम घालण्याची पद्धत पडली. पण भारतात टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांमुळे एकाच मनोऱ्यावर अनेक सेवादात्यांची उपकरणे असतात. सिम दोन असली तरी त्यांच्यामागे जनित्र एकच आणि कित्येकदा बॅटरीसंचही एकच असू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, खांब मोडून पडले आणि श्रीवर्धन, दापोली या भागांत वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस सुरळीत झाली नाही. इतक्या लांबलेल्या अंधारात दुसऱ्या सिमचा आधार फारसा उरत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी सिम निवडण्यापूर्वी दोन्ही सेवा कोणत्या मनोऱ्यावरून येतात हे जागेवर जाऊन तपासावे लागते आणि शक्य तिथे उपग्रह किंवा स्वतंत्र रेडिओचा मार्ग ठेवावा लागतो. संपर्क तुटलेला असेपर्यंत राउटर किंवा त्याला जोडलेले यंत्र आकडे वेळेच्या नोंदीसह साठवून ठेवते आणि टॉवर परतल्यावर पाठवते. वीज आल्याबरोबर हजारो राउटर एकदम नोंदणीला धावले तर जाळे गुदमरते, म्हणून प्रत्येकाने आपापला यादृच्छिक विलंब पाळून जोडणी करावी अशी रचना त्यांच्यात केली जाते.